न लावलेल्या दिव्याचें देणें

समईच्या काळीं प्रकाशाचा हिशेब सोपा होता. वाण्याकडून जेवढें तेल आणलें तेवढ्याचे पैसे. दिवा लावला नाहीं तर तेल जळत नाहीं, आणि तेल जळलें नाहीं तर देणेंहि उरत नाहीं. एखाद्या वाण्यानें, "तुम्ही महिनाभर परगांवीं गेलां होतां हें खरें, पण माझें दुकान तुमच्यासाठीं उघडें होतें, सबब त्याचा आकार द्या," अशी मागणी केली असती, तर गिऱ्हाइकानें त्याला वेड्यांत काढलें असतें. परंतु गॅसची नळी आणि विजेची तार भिंतींतून घरांत आली ती नेमकी हीच मागणी घेऊन आली. आणि मौज अशी कीं, ती मागणी सर्वस्वीं अन्यायाची नव्हती. ग्रेट ब्रिटनमध्यें या मागणीचा, व तिला लगाम घालूं पाहणाऱ्या कायद्यांचा, दोनशें वर्षांचा इतिहास आहे. महाराष्ट्रांतील विजेच्या बिलावर 'स्थिर आकार' म्हणून जी एक ओळ छापलेली असते, ती ज्या विचारांतून निघाली तो विचारहि प्रथम तेथेंच सुस्पष्टपणें मांडला गेला.

लंडनच्या 'गॅस लाइट अँड कोक कंपनी'ला १८१२ सालीं सनद मिळाली. आरंभीं घरोघरीं गॅस मोजण्याचें साधन नव्हतें. दिवे किती आणि ते रोज किती तास जळणार एवढें ठरवून ठोक रक्कम घेत. ठरलेल्या वेळेनंतरहि दिवा जळत ठेवणारीं गिऱ्हाइकें आणि त्यांच्यावर नजर ठेवीत रस्त्यानें हिंडणारे कंपनीचे तपासनीस यांचा लपंडाव पुढें मीटर आला तेव्हां संपला. परंतु दुसरा प्रश्न उभाच होता. दोन कंपन्यांनीं एकच रस्ता दोनदां खणून दोन नळ्या टाकणें हा उघड उधळेपणा होता; म्हणून कंपन्यांनीं शहर आपसांत वांटून घेतलें, आणि १८६० च्या कायद्यानें लंडनपुरती या वांटणीला मान्यताहि मिळाली. एका रस्त्यावर एकच विक्रेता राहिला म्हणजे भाव कोण आवरणार? पार्लमेंटनें १८४७ सालींच गॅस कंपन्यांच्या लाभांशावर शेंकडा १० ची मर्यादा घातली होती. ही मर्यादा दिसावयास कडक, पण परिणामांत बोथट ठरली. शेंकडा १० मिळूं लागले कीं कंपनीला काटकसर करण्याचें कारणच उरत नसे. वांचविलेला पैसा भागीदारांना मिळावयाचा नाहीं, मग तो वांचवा कशाला!

हा दोष ओळखून १८७५ पासून लंडनच्या कंपन्यांना एक नवी अट लावण्यांत येऊं लागली. हजार घनफूट गॅसचा एक प्रमाण-दर ठरवावयाचा. कंपनीनें त्याहून दर एक पेनीनें उतरविला कीं तिला लाभांश पाव टक्क्यानें वाढवितां यावा, आणि दर एक पेनीनें चढविला कीं तो पाव टक्क्यानें घटावा. साउथ मेट्रोपॉलिटन कंपनीचे जॉर्ज लिव्हसी हे या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होते. भाव बांधून देण्याचे जे अनेक प्रयोग त्या देशांत झाले, त्यांत इतका साधा आणि इतका शहाणपणाचा प्रयोग दुसरा दाखवितां येणें कठीण आहे. एकाच्या फायद्याची दोरी दुसऱ्याच्या फायद्याला बांधण्याची ही युक्ति होती.

वीज आली आणि हिशेब अधिक अवघड झाला. गॅस मोठ्या टाकींत सांठवून ठेवतां येतो. दुपारीं तयार केलेला गॅस संध्याकाळीं जाळतां येतो. विजेचें तसें नाहीं. ती ज्या क्षणीं लागते त्याच क्षणीं निर्माण करावी लागते. या एका भेदाचा आर्थिक अर्थ सांगितला तो जॉन हॉपकिन्सन यांनीं. हे लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील विजेच्या शास्त्राचे प्राध्यापक. पुढें १८९८ सालीं आल्प्स पर्वतांत चढतांना आपल्या तीन अपत्यांसह त्यांचा अंत झाला. ता. ४ नोव्हेंबर १८९२ रोजीं त्यांनीं तरुण यंत्रज्ञांच्या एका संस्थेपुढें अध्यक्ष या नात्यानें भाषण केलें. विषय होता विजेच्या पुरवठ्याला येणारा खर्च. त्यांचें म्हणणें असें कीं, हा खर्च दोन जातींचा आहे. कोळसा जळतो तो जितकी वीज खपेल तितकाच. परंतु बॉयलर, यंत्रें, तारा, इमारत आणि कामगार यांचा खर्च वीज खपो वा न खपो, होतच राहतो. आणि हीं यंत्रें केवढीं असावींत हें वर्षभराच्या एकूण खपावर ठरत नाहीं, तर ज्या एका संध्याकाळीं सर्वांचे दिवे एकदम लागतात त्या संध्याकाळच्या गरजेवर ठरतें.

घरच्या लग्नांत पांचशें पानांची पंगत उठावयाची असेल, तर पातेलीं पांचशें पानांचींच लागतात. मग वर्षाचे बाकीचे दिवस तीं माळ्यावर धूळ खात पडलीं तरी चालतील. हॉपकिन्सन यांचा प्रश्न एवढाच कीं, या पातेल्यांची किंमत कोणाकडून घ्यावयाची? जेवढें अन्न तेवढे पैसे, असा एकच नियम लावला, तर रोज जेवणारा माणूस वर्षांतून एकदांच येणाऱ्या पाहुण्याच्या पातेल्याचे पैसे देतो. म्हणून बिलाचे दोन भाग करावे: ग्राहकाची एकदम जास्तींत जास्त किती मागणी असूं शकेल त्यावर एक ठराविक आकार, आणि प्रत्यक्ष जाळलेल्या युनिटांवर दुसरा. हाच पुढें जगभर मान्य झालेला दुहेरी दर.

आर्थर राइट यांनीं ब्रायटन येथें हा विचार व्यवहारांत आणला. ग्राहकाची कमाल मागणी टिपून ठेवणारें एक उपकरण त्यांनीं बसविलें, आणि त्या मागणीच्या मानानें आरंभींचीं युनिटें महाग व पुढचीं स्वस्त अशी रचना केली. अमेरिकेंतील शिकागोचे सॅम्युअल इन्सुल हे १८९४ च्या अखेरीस इंग्लंडांत आले असतां ब्रायटनची ही पद्धति पाहून गेले, आणि अमेरिकेंतील वीजधंद्याची उभारणी त्यांनीं बव्हंशीं याच तत्त्वावर केली.

मात्र या तत्त्वांत एक कांटा आहे. संध्याकाळीं दोन तास एकच दिवा लावणारें गरीब घर हें हॉपकिन्सन यांच्या हिशेबानें सर्वांत महागडें गिऱ्हाईक ठरतें! त्याची मागणी बरोबर गर्दीच्या वेळीं आणि एकूण खप मात्र अत्यल्प. शास्त्र बरोबर होतें. पण मजुराच्या घरीं जाऊन, "दिवा लावा वा लावूं नका, दर तिमाहीस इतके शिलिंग द्या," असें सांगितलें असतें तर त्यानें मेणबत्तीच पुरे म्हटलें असतें. गॅस कंपन्यांनीं १८९० नंतरच्या दशकांत यावर तोड काढली. पेनीचें नाणें टाकलें कीं ठराविक गॅस सोडणारा मीटर त्यांनीं मजूरवस्त्यांत बसविला. अनामत नाहीं, नळ्या व शेगडी बसविण्याचा वेगळा खर्च नाहीं, तिमाहीचें बिलहि नाहीं. लक्षावधि घरांत गॅसची शेगडी प्रथम पोंचली ती या मीटरामुळें. पण नळ्यांचें व शेगडीचें भाडें कंपनीनें सोडून दिलें होतें असें नव्हे. श्रीमंताला जेवढ्या पैशांत हजार घनफूट मिळे, तेवढ्यांत मजुराला त्याहून कमी मिळे. फरकाची रक्कम तें भाडें भरून काढी. स्थिर आकार होताच, तो पेनीच्या पोटांत लपलेला होता.

पहिल्या महायुद्धानंतर विजेच्या कंपन्यांना आणि नगरपालिकांना दिव्यांवर समाधान वाटेना. शेगड्या, इस्त्र्या, पाणी तापविण्याचे बंब खपावेत अशी त्यांची इच्छा होती. म्हणून घरगुती ग्राहकांसाठीं खोल्यांची संख्या, जमिनीचें क्षेत्रफळ किंवा घरपट्टीसाठीं ठरलेली किंमत यांवर स्थिर आकार बसवून युनिटाचा दर अगदीं खालीं आणण्याची चाल पडली. मोठ्या घराला मोठा आकार आणि लहान घराला लहान, एवढी तरी सोय यांत होती, ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

हॉपकिन्सन यांचें म्हणणें किती खरें होतें याचा कडू अनुभव १९४७ च्या हिंवाळ्यांत आला. बर्फानें कोळशाची वाहतूक अडली, आणि फेब्रुवारींत इंग्लंडच्या मोठ्या भागांत सकाळीं ९ ते १२ व दुपारीं २ ते ४ घरांत वीज वापरण्यास बंदी झाली. पुढच्याच वर्षीं, ता. १ एप्रिल १९४८ रोजीं, वीज राष्ट्राच्या मालकीची झाली, ता. १ मे १९४९ रोजीं गॅसहि झाला. गर्दीच्या मागणीचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सर अँड्र्यू क्लो होते. हे पूर्वी आसामचे गव्हर्नर होते. हिंवाळ्यांत युनिट महाग व इतर ऋतूंत स्वस्त अशी योजना त्या समितीच्या विचारांतून निघाली, १९४८-४९ मध्यें अमलांत आली आणि टिकली नाहीं. जें बिल थंडी सरल्यावर हातीं पडतें, त्यानें थंडीच्या संध्याकाळीं कोणाचा हात बटणाकडे जातांना अडावा?

राष्ट्रीय मालकीचा काळ संपला तो १९८६ सालीं गॅसपासून. १९९० सालीं वीजवितरणाच्या प्रादेशिक कंपन्याहि विकल्या गेल्या. नव्या मालकांवर नियामक बसला. महागाईच्या निर्देशांकांतून कांहीं ठराविक अंश वजा करून उरेल तेवढीच दरवाढ करावी, हें स्टीफन लिटलचाइल्ड यांनीं सुचविलेलें सूत्र त्याच्या हातीं होतें. पुढें १९९९ पर्यंत प्रत्येक घराला आपला पुरवठादार निवडण्याची मोकळीक मिळाली. स्पर्धा आली, आतां मर्यादेचें काय काम, या विश्वासानें २००२ सालीं किरकोळ दरांवरील नियंत्रण उठविण्यांत आलें.

विश्वास अर्धाच खरा ठरला. जीं कुटुंबें दरवर्षीं चौकशी करून पुरवठादार बदलीत, त्यांना स्वस्त दर मिळे. जीं बदलीत नसत, आणि त्यांत वृद्ध, अल्पशिक्षित व भाड्याच्या घरांत राहणारीं पुष्कळ, तीं मुकाट्यानें अधिक देत राहिलीं. विरोधी पक्षाचे नेते एड मिलिबँड यांनीं २०१३ सालीं दर वीस महिने गोठविण्याचें वचन दिलें, तेव्हां सत्ताधाऱ्यांनीं त्याची टवाळी केली. स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाची चौकशी २०१६ सालीं पुरी झाली. घरगुती ग्राहक वर्षाला सरासरीनें १४० कोटि पौंड फाजील देत आहेत असा निष्कर्ष निघाला, तरी आगाऊ पैसे भरणाऱ्या मीटरांपुरतीच मर्यादा सुचविण्यांत आली. चौकशीमंडळांतील एक सदस्य मार्टिन केव्ह यांनीं मर्यादा अधिक व्यापक असावी असें भिन्न मत नोंदविलें. दोन वर्षांनीं, ज्या पक्षानें टवाळी केली होती त्याच्याच सरकारनें तसा कायदा केला. आणि केव्ह हे त्याच वर्षीं 'ऑफजेम' या नियामक संस्थेचे अध्यक्ष झाले. ता. १ जानेवारी २०१९ पासून इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथें ही दर-मर्यादा लागू झाली.

ती मर्यादा कशावर, हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण तिच्या नांवानेंच अनेकांची फसगत झाली. जो ग्राहक स्वतः होऊन कोणताहि मुदतबंद दर निवडीत नाहीं, त्याच्याकडून पुरवठादारानें जास्तींत जास्त काय घ्यावें एवढेंच ती सांगते. आणि तेंहि दोन आंकड्यांत. दररोजचा स्थिर आकार एक, प्रत्येक युनिटाचा दर दुसरा. घाऊक बाजारांतील गॅस व विजेची किंमत, नळ्या व तारा यांचा खर्च, सरकारी योजनांचे भार, पुरवठादाराचा कार्यालयीन खर्च, थोडासा नफा आणि शेंकडा ५ कर यांची बेरीज करून हे आंकडे निघतात. घाऊक किंमत मुख्यत्वें युनिटाच्या दरांत जाते. तारा, मीटर व कचेरी यांचा बराचसा खर्च स्थिर आकारांत. पूर्वीं ही आंकडेमोड वर्षांतून दोनदां होई, ऑक्टोबर २०२२ पासून ती दर तीन महिन्यांनीं होऊं लागली. परंतु लोकांना सांगतांना हे आंकडे मागें राहतात, आणि 'सर्वसाधारण घराचें वार्षिक बिल' म्हणून एकच रक्कम वृत्तपत्रांत मोठ्या टाइपांत झळकते.

ती रक्कम ऑक्टोबर २०२१ मध्यें १,२७७ पौंड होती. एप्रिल २०२२ मध्यें १,९७१ झाली. रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यानंतर गॅसचा बाजार भडकला, आणि ऑक्टोबरसाठीं ३,५४९ हा आंकडा जाहीर झाला. मर्यादा घाऊक किंमतीला अडवीत नाहीं, तिच्या मागोमाग जाते. हें तिचें स्वरूप तेव्हां सर्वांच्या डोळ्यांपुढें आलें. अखेर सरकारनें मधला फरक खजिन्यांतून भरण्याचें ठरवून सर्वसाधारण घरासाठीं २,५०० पौंडांची हमी दिली. कोणाचेंहि बिल याहून अधिक होणार नाहीं असें कित्येकांना वाटलें. इतकेंच नव्हे, तर त्या वेळच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनीं नभोवाणीवरील मुलाखतींत तसेंच सांगितलें, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली.

खरा हिशेब असा होता. विजेचें युनिट सुमारें ३४ पेन्स, गॅसचें १०.३ पेन्स, रोजचा स्थिर आकार विजेचा ४६ पेन्स आणि गॅसचा २८ पेन्स. वर्षाला विजेचीं २,९०० व गॅसचीं १२,००० युनिटें जाळणाऱ्या घराचें बिल यावरून २,५०० च्या घरांत येतें. दुप्पट जाळणाऱ्याला मात्र ४,७०० हून अधिक पौंड पडत. निम्मेंच जाळणाऱ्याला १,२५० नव्हे, तर सुमारें १,३८० पौंड द्यावे लागत. आणि ज्यानें वर्षभर एकहि दिवा लावला नाहीं, शेगडी पेटविली नाहीं, त्याच्या नांवावर २७० पौंड चढत. सर्वसाधारण घराच्या बिलांत स्थिर आकार नवव्या हिश्शाच्या आसपास. काटकसरीनें निम्म्यावर आलेल्या घरांत तो पांचव्या हिश्शापर्यंत जातो. जितकी काटकसर अधिक, तितका हा न टळणारा भाग जड.

आगाऊ पैसे भरणाऱ्या मीटरांत तर याचें रूप अधिक कठोर होतें. उन्हाळ्यांत गॅस लागत नाहीं म्हणून एखादें कुटुंब मीटरांत पैसे टाकीत नाहीं. पण आकार रोज चढतच राहतो. २८ पेन्स हाच दर धरला तरी मेपासून सप्टेंबरअखेर सुमारें ४३ पौंड होतात. ऑक्टोबरांतल्या पहिल्या गारठ्यांत घरधनीण दहा पौंड भरते, आणि त्यांतला मोठा भाग मागील आकारांत वळता होतो. घर ऊबदार होण्याआधीं उन्हाळ्याचें देणें फिटावें लागतें.

विजेचा स्थिर आकार त्याच वर्षीं एकदम फुगला होता. एप्रिल २०२२ मध्यें तो रोजच्या सुमारें २५ पेन्सवरून ४५ वर गेला, म्हणजे वर्षाला ७३ पौंडांची वाढ. याला दोन कारणें होतीं. २०२१ पासून पंचवीसहून अधिक लहान पुरवठादार बुडाले; महाग झालेली वीज अगोदर खरेदी करून न ठेवतां त्यांनीं ती स्वस्त दरानें विकण्याचे करार केले होते. त्यांच्या अनाथ ग्राहकांना इतरांकडे सोंपविण्याचा खर्च सर्वांच्या स्थिर आकारांत घालण्यांत आला. हॉपकिन्सन यांच्या तत्त्वाशीं या भाराचा कांहींएक संबंध नाहीं. बुडालेल्या दुकानदाराचें कर्ज म्हणजे पातेलीं नव्हेत! दुसरें कारण मात्र त्या तत्त्वाला धरून होतें. तारांच्या जाळ्याचा कांहीं खर्च पूर्वीं युनिटांवर बसे. छपरावर सौर तावदानें बसविणाऱ्या सधन घरांचीं युनिटें घटूं लागलीं, परंतु रात्रीं त्यांनाहि तीच तार लागे. म्हणून तो खर्च युनिटांवरून काढून स्थिर आकारांत टाकण्याचें नियामकानें ठरविलें होतें.

मग स्थिर आकार काढूनच टाकावा, अशी मागणी सर्वत्र सुरू झाली. तिच्यांतहि एक अडचण आहे. वरच्याच दरांनीं पाहिलें, तर विजेचा वर्षाचा १६८ पौंड आकार २,९०० युनिटांवर वांटला कीं युनिट जवळजवळ ६ पेन्सनीं महाग होतें. हजार युनिटांत भागविणाऱ्या एकट्या म्हातारीला त्यांत शंभराहून अधिक पौंडांचा लाभ होतो. पण ज्या भाडेकरूच्या घरीं गॅसची नळीच नाहीं, विजेवरच खोल्या तापवाव्या लागतात आणि ८,००० युनिटें लागतात, त्याला सुमारें २९५ पौंड जादा मोजावे लागतील. घरांत आजाऱ्यासाठीं दिवसरात्र विजेचें यंत्र चालत असलें तर त्यालाहि तसाच तोटा. कमी जाळणारे सारेच गरीब आणि जास्त जाळणारे सारेच श्रीमंत, असें असतें तर हा प्रश्न एका दुपारींच सुटला असता. खोल्यांवर किंवा क्षेत्रफळावर आकार बसविण्याची जुनी चाल आज वापरांत असती, तर निदान महालाला आणि खोलीवजा बिऱ्हाडाला एकच आकडा लागला नसता; तो आतां प्रदेशाप्रमाणें बदलतो, घराच्या आकाराप्रमाणें नाहीं.

'ऑफजेम'नें २०२५ सालीं मधला मार्ग म्हणून असा प्रस्ताव मांडला कीं, पुरवठादारांनीं नेहमींच्या दराच्या जोडीला स्थिर आकार कमी किंवा मुळींच नसलेला असा एक पर्यायी दर ठेवावा, आणि कोणता घ्यावयाचा तें ग्राहकानें ठरवावें. अशा दरांत युनिट महाग असणार हें ओघानेंच आलें. वरच्या उदाहरणांत फायद्या-तोट्याची सीमा बरोबर २,९०० युनिटांवर पडते; त्याखालीं राहणाऱ्या घराला नवा दर परवडेल, वर जाणाऱ्याला जुना. आपल्या घराचा आंकडा या सीमेच्या कोणत्या बाजूला आहे हें मागील बारा महिन्यांचीं बिलें पुढ्यांत घेतल्यावांचून कळत नाहीं, आणि २०१६ च्या चौकशीत जीं कुटुंबें निवड करीत नाहींत असें आढळलें, त्यांच्याकडूनच ही निवड आतां अपेक्षिली जात आहे.